सॅलरी अकाउंटच्या आधीची गोष्ट

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवताना विषय कुठून तरी परदेशी मदतीवर आला. टेबलावर आम्ही पाच जण. एकाचं ठाम मत की परदेशी मदत म्हणजे भीक, घेणाऱ्याची सवय बिघडवते. दुसऱ्याचं त्याहून ठाम मत की मदत म्हणजे आमिष लावलेला गळ. तिसरीने डब्याचं झाकण काढता काढता आजीची आठवण सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, ती लाल ज्वारी. भाकरी धड थापता यायची नाही, आणि थापलीच तर घशाखाली उतरायची नाही. आजी अजूनही बेचव जेवणाला "नुसता मिलो झालाय" म्हणते म्हणे.

मी विचारलं, तुमची सॅलरी अकाउंट्स कुठे आहेत? पाचपैकी तिघांची आयसीआयसीआयमध्ये निघाली. घराचे हप्ते? दोघांचे एचडीएफसीकडे. म्हटलं, मग मंडळी, आपण परदेशी मदतीला नावं ठेवतोय ती तिच्याच ओसरीवर बसून. कुणाला पटेना. तेवढ्यात दीडच्या कॉलची वेळ झाली, ताटं उचलावी लागली, आणि "वीकेंडला लिहितो" असं सांगून मी सुटलो. हा तो लेख.

गोष्ट एका साध्या अडचणीपासून सुरू होते. समजा, साल १९५३ आहे आणि मुंबईत किंवा पुण्यात तुमचा कारखाना आहे. धंदा बरा चाललाय, हातात ऑर्डरी आहेत, अजून एक मोठं यंत्र घेतलं तर उत्पादन वाढेल. ते यंत्र भारतात बनत नाही. येणार जर्मनीहून, नाहीतर इंग्लंड-अमेरिकेहून. तुम्ही बँकेत जाता. बँक विचारते, गोदामात माल किती पडलाय? तेव्हाच्या बँका प्रामुख्याने मालाच्या तारणावर कर्ज द्यायच्या, तेही थोड्या मुदतीचं. माल विकला की पैसे परत. दहा वर्षं चालणाऱ्या यंत्रासाठी दहा वर्षांचं कर्ज, हा प्रकार त्यांच्या वहीत बसत नव्हता. शेअर विकून भांडवल उभं करायचं तर बाजारात नाव लागायचं, ते टाटा-बिर्लांकडे होतं, तुमच्याकडे नाही. आणि समजा इकडून तिकडून रुपये जमवलेच, तरी जर्मनीतला कारखानदार रुपये घेऊन काय करणार? त्याला डॉलर, पौंड किंवा मार्क हवेत.

म्हणजे अडचणी दोन. लांब मुदतीचा पैसा नाही, आणि परकीय चलन नाही. एकीला उत्तर सापडलं तरी दुसरी उरतेच.

दोन्ही गोष्टी एकत्र मिळतील अशी एक जागा होती, जागतिक बँक. तिचा जन्म १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतला. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी परिषदेला आपलं शिष्टमंडळ होतं. त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते (आपले रायगडचे, हो तेच, ज्यांनी पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला), आणि मुंबईच्या उद्योगवर्तुळातले ए. डी. श्रॉफही होते. हे दोघं पुढे पुन्हा भेटणार आहेत.

जागतिक बँकेने भारताला पहिलं कर्ज १९४९ मध्ये दिलं, रेल्वेसाठी, ३ कोटी ४० लाख डॉलरचं. सरकारने घेतलं, सरकारने फेडायचं. खासगी कंपनीला मात्र बँकेच्या नियमांतली एक अट आडवी यायची. कर्ज देता येईल, पण त्या देशाच्या सरकारने हमी दिली तरच. इंडियन आयर्न अँड स्टीलला १९५२ मध्ये अशा हमीवर कर्ज मिळालं, टाटांच्या ट्रॉम्बेच्या वीज केंद्राला १९५४ मध्ये मिळालं. हे मोठे मासे. एका मधल्या आकाराच्या कारखान्याच्या एका यंत्रासाठी भारत सरकार हमी देईल आणि वॉशिंग्टनहून कुणी कागद तपासायला येईल, हे शक्य नव्हतं. शिवाय बऱ्याच कारखानदारांना सरकारची हमीच नको होती. हमी आली की मागोमाग साहेब येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर होता, क्लायंट होते, मधला थर नव्हता.

तो थर कसा उभा राहिला ते बघण्यासारखं आहे. १९५४ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने एक छोटं पथक भारतात आलं. त्यात जॉर्ज वुड्स नावाचे गृहस्थ होते, फर्स्ट बोस्टन ह्या अमेरिकन गुंतवणूक कंपनीचे बडे अधिकारी. (हे नाव लक्षात ठेवा.) आपल्याकडे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच काळात रिझर्व्ह बँकेने खासगी उद्योगांच्या भांडवलाचा प्रश्न अभ्यासायला समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष ए. डी. श्रॉफ. ब्रेटन वुड्सची दोन माणसं दहा वर्षांनी एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंना, एक सरकारात आणि एक बाजारात. चर्चा झाल्या, आणि ५ जानेवारी १९५५ रोजी मुंबईत एक कंपनी नोंदली गेली. इंडस्ट्रियल क्रेडिट अँड इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. आद्याक्षरं जुळवून बघा. पहिले अध्यक्ष सर रामस्वामी मुदलियार. श्रॉफ संचालकांमध्ये होतेच.

गंमत म्हणजे त्याच जानेवारीत आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. पोलाद, वीज, जड उद्योग सरकारने उभारायचे अशी हवा होती. आणि त्याच महिन्यात, त्याच सरकारच्या संमतीने, खासगी मालकीची आणि खासगी उद्योगांनाच पैसे देणारी संस्था जन्माला आली. आज आपण तो काळ सरसकट "लायसन्स राज" म्हणून मोडीत काढतो. तो तसा होताही, पण एकरंगी नव्हता.

आता पैसे कुठून आले ते बघू, कारण "मदत" ह्या शब्दाचं पोट तिथेच उघडतं. भागभांडवल ५ कोटी रुपये. त्यातले साडेतीन कोटी भारतीयांचे, म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि सामान्य भागधारक. एक कोटी ब्रिटिश गुंतवणूकदारांचे आणि पन्नास लाख अमेरिकन. त्यावर भारत सरकारने साडेसात कोटी रुपये दिले, बिनव्याजी आणि लांबच्या मुदतीने. हे साडेसात कोटी सरकारच्या तिजोरीतले म्हणावेत तर तसे नव्हते. अमेरिकेने मदत म्हणून भारताला पोलाद दिलं होतं. ते इथे रुपयांत विकलं गेलं आणि त्या विक्रीचे रुपये सरकारच्या हिशेबात वेगळे जमा झाले. त्यातून ही रक्कम निघाली. म्हणजे एकच मदत दोनदा कामाला आली. आधी पोलाद म्हणून कुठल्या तरी पुलात किंवा कारखान्यात गेली, मग रुपये म्हणून पुढच्या कारखान्याच्या कर्जात.

आणि वर जागतिक बँकेचं १ कोटी डॉलरचं कर्ज, भारत सरकारच्या हमीवर. तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे साधारण पावणेपाच कोटी रुपये. हे दान नव्हतं, व्याजासकट फेडायचं होतं. फरक इतकाच की हमी आता एका संस्थेला होती, तिच्या मागे उभ्या असलेल्या शेकडो कारखान्यांना सुटी सुटी नाही. कुठल्या यंत्राला पैसे द्यायचे हे मुंबईतली माणसं ठरवणार होती.

पहिले जनरल मॅनेजर म्हणून पी. एस. बील आले. त्याआधी ते बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य कॅशियर होते, त्या काळच्या पौंडाच्या नोटांवर त्यांची सही असायची. ज्याच्या सहीने इंग्लंडात नोट चालायची तो माणूस मुंबईत बसून कारखानदारांचे अर्ज वाचू लागला. १९५६ मध्ये त्यांच्या हाताखाली हसमुखभाई ठाकोरदास पारेख रुजू झाले. सुरतेचा जन्म, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं शिक्षण, मुंबईच्या शेअर बाजारातला बरीच वर्षांचा अनुभव. पुढे १९७२ मध्ये ते ह्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

सुरुवातीला ते डॉलर फारसे उठले नाहीत. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेली आपली पौंडांची शिल्लक अजून संपायची होती, परकीय चलन सहज मिळत होतं. मग उगाच कोण प्रश्नपत्रिका सोडवत बसणार? पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची प्रचंड आयात सुरू झाली आणि १९५७ पर्यंत ती शिल्लक झपाट्याने आटली. १९५८ मध्ये मदत देणाऱ्या देशांना एकत्र बसून भारतासाठी गट करावा लागला. परकीय चलनाचं रेशनिंग आलं, आणि ज्या दरवाजाकडे कुणी बघत नव्हतं तिथे रांग लागली. १९५९ मध्ये जागतिक बँकेने दुसरं कर्ज दिलं, आणि मग एकामागून एक येत राहिली.

ह्या रांगेत काय व्हायचं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तारण किती, ह्या एका प्रश्नावर मामला मिटत नव्हता. यंत्राची क्षमता किती? तेवढा माल खपेल कशावरून? कच्चा माल कुठून आणणार, वीज आहे का? तुम्ही स्वतःच्या खिशातले किती घालणार? हप्ता फेडून हातात काय उरेल, आणि विक्री अंदाजापेक्षा कमी झाली तर काय उरेल? प्रोजेक्ट अप्रेझल हा शब्द आज एमबीएच्या पहिल्या वर्षाची पोरंही तोंडावर फेकतात. तेव्हा इथल्या बँकांना तो नवा होता. डिझाइन रिव्ह्यूत आपल्याला कुणी सीनियर "लोड दसपट झाला तर?" विचारतो आणि आपली बोलती बंद होते ना, तसंच हे. कर्जासोबत ही संस्था कंपन्यांच्या शेअर विक्रीची जबाबदारीही घ्यायची: लोकांनी नाही घेतले तर उरलेले आम्ही घेऊ. त्यामुळे नवख्या कंपनीलाही बाजारात उभं राहायची हिंमत यायची.

दुसऱ्या बाजूने जागतिक बँकेने हमीच्या अटीवर आणखी एक तोड काढली. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, म्हणजे आयएफसी, ही बहीणसंस्था काढली. ती सरकारच्या हमीशिवाय थेट खासगी कंपनीला पैसे देऊ शकते. भारतातल्या तिच्या अगदी सुरुवातीच्या कर्जदारांमध्ये एक नाव होतं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. खडकीचं! रोज मेट्रोने किंवा बाइकने त्या बाजूने जाणाऱ्या पुणेकरांनो, एकदा तिकडे बघून घ्या. पुढे १९६० च्या दशकात तिचे पैसे खोपोलीच्या महिंद्र युजिनमध्ये आले, गोव्यात झुआरीच्या खत कारखान्यात आले.

इथपर्यंतची गोष्ट वाचून वाटेल, वा, सगळं छानच झालं की. थांबा, बिल यायचंय.

परकीय चलनातल्या कर्जाची एक अट होती. डॉलरचा भाव बदलला तर धोका कर्जदाराचा. आता गणित करू. एका कारखान्याने १९६० च्या सुमारास १ लाख डॉलर घेतले. वहीत लिहिले ४ लाख ७६ हजार रुपये. ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला. समजा त्या दिवशी निम्मं कर्ज फिटलेलं आहे, पन्नास हजार डॉलर बाकी आहेत. आदल्या दिवशी त्याची किंमत होती २ लाख ३८ हजार रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी ३ लाख ७५ हजार. एक नट-बोल्ट न वाढता कर्ज साडेसत्तावन्न टक्क्यांनी वाढलं. कारखान्याने काही चूक केली नव्हती. त्याचा माल रुपयांत विकला जात होता, आणि देणं डॉलरमध्ये होतं.

हे अवमूल्यन आपण आपल्या मर्जीने केलं का? सरकारला आर्थिक कारणं होतीच: पासष्टचं युद्ध, दुष्काळ, घटलेली निर्यात. पण जागतिक बँकेचा दबावही उघड होता. बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने १९६५ मध्ये तसाच सल्ला दिला होता, आणि बदल्यात वर्षाला ९० कोटी डॉलरच्या मदतीची भाषा झाली होती. ती मदत पुढच्या वर्षांत ठरल्याप्रमाणे आली नाही. त्या वेळी जागतिक बँकेचे अध्यक्ष कोण होते? जॉर्ज वुड्स. तेच, जे १९५४ मध्ये मुंबईत ही संस्था उभी करायला आले होते. मला ह्यात कटकारस्थान दिसत नाही. माणूस तोच, हेतूही कदाचित चांगलाच. पण मदत देणारा एका हाताने दार उघडतो तेव्हा दुसरा हात चौकटीवर असतो, हे आमच्या टेबलावरच्या त्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

माझ्या मते ह्या बिलाच्या मुळाशी एक जास्त खोल गोष्ट होती. ह्या कर्जांतून उभे राहिलेले बरेचसे कारखाने आयातीला पर्याय म्हणून उभे राहिले होते. आयातबंदीच्या भिंतीआड माल देशातच विकायचा. कंपनी रुपये कमवून हप्ता भरणार, पण ते रुपये डॉलरमध्ये बदलायला देशाकडे डॉलर कुठून येणार? निर्यातीतून यायला हवेत. ती वाढली नाही की जुनं कर्ज फेडायला नवी मदत. म्हणजे खासगी उद्योग वाढवला, पण व्यापार वाढवला नाही. दक्षिण कोरियाने जागतिक बँक आणि आयएफसीच्या साहाय्याने अशीच एक संस्था १९६७ मध्ये काढली. तिथे मात्र सगळ्या देशाचाच रोख निर्यातीवर होता, उद्योगांना डॉलर कमवून आणायला लावत होते. साचा एक, पण आजूबाजूची धोरणं वेगळी, आणि पुढच्या वीस वर्षांत दोन्ही देश कुठे गेले ते आपण जाणतोच.

दुसरं बिल जास्त जवळचं आहे. माझ्या काकांचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल, चार माणसं. सत्तरीत त्यांना गिअर कापायचं एक जर्मन हॉबिंग मशीन हवं होतं. कुठल्याशा कचेरीत गेले तर साहेबांनी प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला, इंग्रजीत, पाच वर्षांच्या अंदाजासकट. काकांना गिअर कळायचा. डोळे मिटून हात फिरवून दात किती झिजलेत ते सांगायचे. पण पाच वर्षांनी विक्री किती हे कागदावर कसं लिहायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तीन खेपा घातल्या आणि सोडून दिलं. शेवटी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून जुनं मशीन उचललं, ते आयुष्यभर दुरुस्त करत राहिले.

काकांची तक्रार एकट्याची नव्हती. सरकारने नेमलेल्या दत्त समितीने १९६९ च्या अहवालात लिहिलं की परवान्यांप्रमाणेच वित्तसंस्थांच्या पैशाचाही मोठा वाटा मोठ्या उद्योगसमूहांकडे गेला. त्याचं कारण दरवेळी वशिलाच होतं असं नाही. चांगला प्रश्न विचारणाऱ्याला चांगलं उत्तर लिहून देणारा आवडतो. ज्याच्याकडे चार्टर्ड अकाउंटंट आहे, इंग्रजी टाइपिस्ट आहे, परदेशी भागीदार आहे, त्याचं उत्तर चांगलं दिसतं. अप्रेझलने उनाड कर्जं गाळली हे खरं, पण त्याच चाळणीत काकांसारखेही वर राहिले.

मग ह्या सगळ्यातून उरलं काय? डॉलर तर केव्हाच खर्च होऊन फिटलेही.

जागतिक बँकेने हा साचा बऱ्याच देशांत वापरला. तुर्कस्तानात तर आपल्याही आधी, १९५० मध्ये. पाकिस्तानात १९५७, इराणमध्ये १९५९. सगळीकडे तो टिकला नाही. इराणची बँक १९७९ च्या क्रांतीनंतर राष्ट्रीयीकरणात गेली. १९८० च्या दशकात तर विकसनशील देशांतल्या कितीतरी विकास बँका थकलेल्या कर्जांखाली दबल्या, हे खुद्द जागतिक बँकेने १९८९ च्या आपल्या अहवालात मान्य केलं. स्वस्त पैसा वरून येत राहिला, सरकारं "ह्याला द्या, त्याला द्या" सांगत राहिली, आणि प्रश्न विचारायची सवय लागलीच नाही. आपल्याकडेही नव्वदीच्या शेवटी जुन्या विकास वित्तसंस्थांची बुडीत कर्जं वाढलीच. आयसीआयसीआयलाही स्वस्त पैशासाठी ठेवीदारांकडे वळावं लागलं. १९९४ मध्ये तिने बँक काढली आणि २००२ मध्ये आई लेकीत विलीन झाली. तुमचं सॅलरी अकाउंट त्या लेकीकडे आहे.

पण मधल्या काळात तिथून माणसं आणि कल्पना बाहेर पडत राहिल्या. हसमुखभाई पारेख निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठीनंतर, १९७७ मध्ये त्यांनी एचडीएफसी काढली. यंत्रासाठी दहा वर्षांचं कर्ज देता येतं, तर पगारदार माणसाला घरासाठी का नाही? सुरुवातीच्या भांडवलात आयएफसीचा पाच टक्के वाटा होता. म्हणजे पुन्हा मदत, पण ह्या वेळी प्रश्नपत्रिका इथल्याच माणसाने काढलेली. (ती कंपनी २०२३ मध्ये स्वतःच काढलेल्या बँकेत विलीन झाली. आई लेकीत जाण्याची ही दुसरी वेळ.)

आणि आता आपल्या धंद्याकडे या. १९८५ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड ह्या मदत संस्थेने १ कोटी डॉलरचं अनुदान दिलं आणि ते चालवायला आयसीआयसीआयकडे सोपवलं. भारतीय आणि अमेरिकन कंपनीने मिळून नवं उत्पादन बनवायचं, खर्चाचा काही भाग ह्या योजनेतून, आणि उत्पादन चाललं तरच रॉयल्टीतून पैसे परत. फसलं तर फसलं. बघा, १९५५ च्या कर्जाच्या बरोब्बर उलट. तिथे भाव बदलल्याचा धोकाही कर्जदाराचा होता, इथे प्रयोग फसल्याचा धोका देणाऱ्याने घेतला. ह्याच सुमारास नारायणन वाघुल अध्यक्ष होते. १९८७ मध्ये क्रिसिल निघाली, १९८८ मध्ये युनिट ट्रस्टसोबत बंगळूरला टीडीआयसीआय, देशातल्या पहिल्या व्हेंचर कॅपिटल संस्थांपैकी एक. तिने पैसे घातलेल्यांमध्ये बायोकॉन होती, आणि आपली मुंबईची मास्टेक. तारण म्हणून दाखवायला ज्यांच्याकडे गोदामात माल नव्हता, फक्त डोक्यात होता, अशा कंपन्या. आणि त्यांची मिळकत बरीचशी डॉलरमध्ये. १९६६ ला जी गोष्ट हातातून निसटली होती ती अशी वीस वर्षांनी, लहान प्रमाणात का होईना, जागेवर आली.

म्हणून भीक की गळ ह्या वादात मला फारसा रस वाटत नाही. मिलोही मदत होती. त्याने त्या वर्षी माणसं जगवली, आणि पुढच्या वर्षासाठी काही मागे ठेवलं नाही. दुष्काळातल्या अन्नाचं कामच ते. पंचावन्न सालच्या मदतीने मात्र मुंबईत एक टेबल मागे ठेवलं, ज्याच्या पलीकडे बसलेला माणूस शहाणे प्रश्न विचारायचा. त्या टेबलाची किंमत काही कर्जदारांनी एका रात्रीत साडेसत्तावन्न टक्के जास्त मोजली, आणि काही जणांना टेबलापर्यंत पोचताच आलं नाही. हे तिन्ही एकाच वेळी खरं आहे.

काल हे लिहिताना काकांना फोन केला. आता ऐंशी पार आहेत, वर्कशॉप केव्हाच बंद झालं. सगळी गोष्ट सांगितली, वुड्स, बील, पारेख, पोलादाचे साडेसात कोटी. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "अरे, ते प्रश्न चांगलेच होते की. मला ते विचारायला कुणी दुकानात आलं असतं तर तोंडी सगळी उत्तरं दिली असती मी."

मी काही बोललो नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्यांना आता कर्ज कसं देतात? रिपोर्ट लागतो का अजून?" म्हटलं, लागतो काका, फक्त आता त्याला पिच डेक म्हणतात. ते हसले, आणि मशीन अजून कुणाकडे तरी चालू आहे म्हणून सांगितलं.